कावीळ उतरली नव्हती

महाराज,

माझे मामा तुम्हाला याच नावानं हाक मारायचे, म्हणून मीही तेच लिहितो. पत्राच्या सुरुवातीला नमस्कार घालायची रीत आहे. तो मी घालत नाही. तुमचं नाव-गावही लिहीत नाही. नांदेड-लातूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुमच्यासारखे आणखीही बसतात आणि हे पत्र त्या सगळ्यांना आहे. पण तुमच्या दारातलं कडुनिंबाचं झाड, त्याखालची पितळी परात आणि चुन्याच्या निवळीची बादली तुम्हाला यात ओळखू येईल.

मामा तुम्हाला आठवणार नाहीत. रविवारी सकाळी तुमच्या अंगणात शंभरेक माणूस असतं. त्यात अहमदपूर तालुक्यातला एकसष्ट वर्षांचा एक कोरडवाहू शेतकरी कशाला ध्यानात राहील? म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

२०२४ चा पोळा. खांदेमळणीच्या संध्याकाळी मामांनी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली. रात्री हात धुतले तरी पिवळेच. मामी म्हणाली, हळद आहे, जाईल. पोळा झाला, बैलांच्या अंगावरचा रंग गेला, मामांच्या हातांवरचा गेला नाही. चौथ्या दिवशी ते ओसरीवर उन्हात बसलेले असताना मामीचं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडं गेलं. "अवो, डोळे पिवळे दिसायलेत की तुमचे." मामा म्हणाले, "दुखत तर कायबी नाही. नुस्ती खाज सुटायली अंगाला." लघवी काळ्या चहासारखी होत होती आणि संडास शाडूच्या मातीसारखा पांढुरका. हे त्यांनी लाजेपोटी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही विचारलं नाही. गेल्या वर्षभरात तुमच्याकडं आलेल्या एका तरी माणसाला तुम्ही संडासाचा रंग विचारला आहे का, महाराज? कावीळ उतरवणाऱ्यानं विचारायचा पहिला प्रश्न तो आहे.

"दुखत नाही" हे मामांचं वाक्य तुम्ही शुभ मानलंत. "दुखत नाही म्हणजे साधी कावीळ. सात रविवारांत उतरते," असं तुम्ही म्हणालात. मी तिथंच उभा होतो. वैद्यकाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. साठीच्या माणसाला दुखल्याशिवाय कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, वजन उतरायला लागलं, तर पहिला संशय पित्ताची वाट अडल्याचा घेतात. आणि ती वाट अडवणाऱ्यांत स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं नाव वरचं असतं.

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागं, पाठीच्या कण्यासमोर आडवी पडलेली वीतभर लांबीची ग्रंथी. तिचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं असतं, आणि यकृताकडून येणारी पित्ताची नळी त्या डोक्यातूनच खाली उतरते. तिथं गाठ धरली की नळी चेपते. आतड्यात उतरायचं पित्त रक्तात साठतं, म्हणून डोळे पिवळे. संडासाला रंग पित्तामुळंच येतो, पित्त पोचलं नाही की तो पांढुरका होतो. गाठ शेपटीकडं असेल तर महिनोन्महिने पत्ता लागत नाही, पाठ दुखायला लागते तेव्हा बहुतेक वेळ गेलेली असते. डोक्यातली गाठ मात्र पिवळा रंग दाखवून आधी हाक मारते. या रोगात माणसाला मिळाली तर बहुधा एवढीच आगाऊ सूचना मिळते. ती मामांना मिळाली होती. ती तुम्ही परातीत धुऊन टाकलीत.

ती परात मला अजून दिसते. मामांच्या तळहातांना तुम्ही कसला तरी तपकिरी रस चोळलात, तोंडानं पुटपुटलात आणि चुन्याची निवळी त्यांच्या हातांवर ओतलीत. खाली पडणारं पाणी पिवळंधमक. अंगणातली माणसं पुढं वाकून बघत होती. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "किती साठली व्हती बघा." आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आला की पाणी पिवळं होतं. ज्याला कावीळ नाही त्याच्याही हातांवर होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग कितीतरी वर्षं शाळाशाळांतून करून दाखवतात. मी शिक्षक आहे, माझ्या शाळेतही तो झाला होता. मुलांच्या हातांवरून पिवळं पाणी पडताना मी बघितलं होतं. आणि तरीही त्या रविवारी मी गप्प उभा राहिलो.

हे मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर या पत्राला अर्थ नाही. तिसऱ्या रविवारी एसटी चुकली, तेव्हा मामांना माझ्या मोटारसायकलवरून तुमच्या दारात मीच आणून सोडलं. मामीचं मन मोडायचं नव्हतं. गावातल्या दोघा-तिघांची कावीळ तुमच्याकडं "उतरली" होती, हेही ऐकून होतो.

ती कशी उतरली तेही सांगतो. आपल्याकडं पावसाळ्यात दूषित पाण्यातून जी कावीळ पसरते, ती बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. धडधाकट माणसाच्या अंगातून ती बहुधा काही आठवड्यांत आपली आपण जाते. माळ घाला, न घाला. तुमचे सात रविवार म्हणजे तेवढेच आठवडे. शरीर स्वतःला बरं करतं आणि नारळ तुमच्यापुढं फुटतो. तुम्ही गळ्यात घालता ती माळही तशीच. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासांत अडकवलेले असतात. काड्या वाळून आकसतात, फास सैल पडतात आणि दोरा लांबतो. मामांची माळ छातीवरून बेंबीपर्यंत आली. मामी दर दोन दिवसांनी ती वितीनं मोजायची आणि मला फोन करायची, "लांबायली रे, गुण यायलाय." डोळे मात्र पिवळ्याचे गर्द होत चालले होते.

तुमच्या वहीत बरे झालेल्यांची नावं आहेत. जे परत आले नाहीत त्यांची आहेत का? आपल्या शेजारीच, बार्शीला, १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते बार्शी, परंडा, भूमच्या गावोगाव फिरले. कोण आजारी आहे, कुणाला गाठ आहे, कोण कशानं वारलं, हे घरोघर विचारून लिहीत गेले. वारलेल्यांची नोंद ठेवण्यात कुणाची कीर्ती वाढत नाही, तरी त्यांनी ती ठेवली. कारण किती माणसं वाचली नाहीत हे लिहिल्याशिवाय कशानं वाचतात हे कळत नाही. तुमच्या वहीत फक्त जिवंत माणसं आहेत. जो परत येत नाही तो बरा झाला, असं तुम्ही धरून चालता.

मला सगळ्यात जास्त राग तुमच्या पथ्याचा आहे. तेल बंद, तूप बंद, डाळ बंद, हळद बंद, दूध बंद. ज्वारीची कोरडी भाकरी, उसाचा रस, फुटाणे. पोळ्याला चौसष्ट किलो असलेले मामा दिवाळीच्या तोंडावर एक्कावन्न किलो झाले. रोगही वजन खातो हे मला मान्य आहे. पित्त आणि पाचकरस आतड्यात पोचत नसले की खाल्लेलं अंगी लागत नाही, हेही खरं. पण उरलेलं तुम्ही तोडलंत. हा हिशेब पुढं कुठं येऊन भिडला ते सांगतोच.

सातव्या रविवारी, २० ऑक्टोबरला, तुम्ही म्हणालात, "अजून एक फेरा लागेल." आणि साडेतीन हजारांच्या पुड्या दिल्यात. घरी परतताना मामांनी मला विचारलं, "डॉक्टरकडं जावं का रे?" मग आपणच उत्तर दिलं. ते उत्तर तुम्ही तुमच्या अंगणात शिकवलेलं होतं: सोनोग्राफीला गेलं की सीटी लावतात, सीटीला गेलं की ऑपरेशन, ऑपरेशनला गेलं की शेत जातं.

महाराज, तुमचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो. तुमचं भांडवल चुना नाही, मंत्र नाही. आमची बिलाची भीती हे तुमचं भांडवल आहे. आणि ती भीती खोटी नाही. दवाखान्यापायी शेत विकलेलं घर प्रत्येक गावात असतं. पण तुम्ही भीतीपुढचा आकडा कधी सांगितला नाही. मी सांगतो.

तुमच्याकडं दर रविवारी दक्षिणा २५१ रुपये, नारळ, आणि मामा-मामीचं येणं-जाणं, म्हणजे सहाशेच्या आसपास. सात रविवारांचे झाले बेचाळीसशे, वर पुड्यांचे साडेतीन हजार. नांदेडात मामांची सोनोग्राफी झाली बाराशे रुपयांत. म्हणजे तुमच्या पहिल्या दोन रविवारांच्या पैशांत. ती करणाऱ्या डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं, दोन मिनिटांत पित्तनळी फुगलेली दाखवली आणि म्हणाले, "ही कावीळ आतून अडलेली आहे. इतके दिवस कुठं होतात?" मामा माझ्याकडं बघत राहिले.

सीटी स्कॅनला सात हजार लागले. स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ होती आणि तिनं आतड्यांना रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीला वेढा घातला होता. मी डॉक्टरांना विचारलं, सात आठवडे आधी आलो असतो तर? ते बराच वेळ स्कॅनकडं बघत बसले. "वेढा तेव्हाही असेल, नसेलही. मी खोटं सांगणार नाही," म्हणाले. तुमच्यावर मामांच्या मरणाचा आरोप मी करत नाही, तो याच वाक्यामुळं. ते मला सिद्ध करता येणार नाही. "तेव्हा काय होतं" हे कधीच कळणार नाही, याला मात्र तुम्ही जबाबदार आहात. आणि ते न कळणं घेऊन मामीला आणि मला उरलेली वर्षं काढायची आहेत.

आता वाटा ऐका. तुमच्या अंगणात उद्या येणाऱ्या माणसाला सांगायला उपयोगी पडतील.

गाठ रक्तवाहिन्यांपासून मोकळी असेल तर ऑपरेशन. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली ते मांडलं, म्हणून आजही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनळीचा तुकडा काढायचा आणि उरलेलं पुन्हा जोडायचं. पाच-सहा तासांचं काम. रोग कळतो तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांनाच ही वाट मोकळी असते. एके काळी या ऑपरेशनमध्ये चौघांतला एक दगावायचा, आज अनुभवी ठिकाणी शंभरात पाचांहून कमी. म्हणून ते कुठं करायचं यालाही फार महत्त्व आहे. रोज अशी ऑपरेशनं करणारा हात आणि वर्षातून दोन करणारा हात यांत माणसाच्या जिवाचा फरक पडतो. ऑपरेशननंतर सहा महिने केमो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स-कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीत चार औषधांची ही केमो घेणाऱ्यांपैकी निम्मे साडेचार वर्षांहून जास्त जगले. जुन्या एका औषधावर तीच मुदत तीन वर्षांच्या आत होती. हे आकडे ऑपरेशन होऊन नंतरची केमो झेपण्याइतक्या धडधाकट राहिलेल्या लोकांचे आहेत, हेही लगेच सांगतो, कारण आकडा अर्धाच सांगणं ही तुमची रीत आहे.

गाठीनं धमनीला वेढा घातलेला असेल, तर आधी केमो. गाठ आकसली तर पुन्हा ऑपरेशनचा विचार. तीच चार औषधं. दर पंधरा दिवसांनी, हाताच्या किंवा छातीच्या मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून, आणि त्यातलं एक औषध छोट्या पंपातून सलग ४६ तास. ही केमो जालीम आहे. ती द्यायची का, हे ठरवताना डॉक्टर बघतात की माणूस आपल्या पायांनी चालतो का, दिवसातला किती वेळ अंथरुणात असतो, वजन किती उतरलं आहे.

इथं तुमचं पथ्य येऊन भिडलं, महाराज. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर बसून मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मामांना टेबलापासून दारापर्यंत चालायला लावलं. मामा चार पावलं चालले आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं आणि दुसरं लिहिलं. चार औषधांची केमो त्यांना झेपणार नव्हती. एकाच औषधावर, जेमसिटाबिनवर आलं. आठवड्यातून एकदा, तीन आठवडे घ्यायचं, चौथा विश्रांतीचा. "यांनी खाणं का सोडलं होतं?" बाईंनी विचारलं. मामा म्हणाले, "पथ्य होतं, म्याडम."

केमोआधी कावीळ खरोखर उतरवली ती एका धातूच्या जाळीनं. तोंडातून दुर्बीण घालून चेपलेल्या पित्तनळीत ती बसवतात. प्लॅस्टिकची नळीही असते, ती स्वस्त पण साधारण तीन महिन्यांत तुंबते. धातूची कितीतरी पट महाग पण जास्त टिकते. जाळी बसली आणि हळूहळू मामांचे डोळे निवळत गेले. दहाव्या दिवशी आरशात बघून ते म्हणाले, "उतरली की." ना मंत्र, ना माळ.

पैशांचं म्हणाल तर हैदराबादच्या एका खासगी दवाखान्याला मी फोन केला होता. ऑपरेशन झालंच तर पाच-सहा लाख धरून चला, असं उत्तर आलं. ते ऐकून मामीनं सातबाऱ्याचा उतारा कपाटातून काढून ठेवला होता. तो उतारा परत कपाटात कसा गेला ते तुम्हाला सांगायचं आहे. २ जुलै २०१२ ला राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली ती पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत. त्या आठांत आपला नांदेड होता. पुढं तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, केंद्राची आयुष्मान योजना येऊन जोडली आणि दीड लाखाचं छत्र घरटी वर्षाला पाच लाखांचं झालं. पिवळं, केशरी रेशनकार्ड चालतंच. आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचं पांढरंही आधीपासून चालत होतं, आणि त्यात लातूर, नांदेड दोन्ही आहेत. कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, रेडिएशन तीत बसतात. योजनेतल्या दवाखान्यात शिरल्यावर आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल शोधायचं, रेशनकार्ड आणि आधार पुढं करायचं. धर्मादाय ट्रस्टच्या दवाखान्यांनाही दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि दहा टक्के दुर्बलांना अर्ध्या दरात द्याव्याच लागतात, अशी उच्च न्यायालयानं २००६ साली घालून दिलेली योजना आहे. जेमसिटाबिन आपल्याच देशातल्या कंपन्या बनवतात आणि त्याच्या किमतीवर सरकारची मर्यादा आहे. कॅन्सरच्या रोग्याला उपचाराला जाताना रेल्वेच्या स्लीपरचं तिकीट पडत नाही आणि सोबत्याला पाव भाड्यात मिळतं. हे मला परळला, रांगेत पुढं उभ्या असलेल्या परभणीच्या एका बाईनं सांगितलं. आम्ही जातानाचं पूर्ण तिकीट काढून बसलो होतो.

सगळं फुकट झालं असं मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या तपासण्या, मुंबईतला मुक्काम, माझ्या बिनपगारी रजा, मामीच्या हातचं बुडालेलं काम, जेवणाबरोबर घ्यायच्या पाचकरसाच्या कॅप्सूल, हे सगळं खिशातून गेलं. नऊ-दहा क्विंटल सोयाबीन त्यात गेलं, तेही हमीभावाच्या खाली विकून. पण शेत गेलं नाही. तुमच्या वाक्यातला शेवटचा शब्द खोटा होता. आणि त्याच शब्दाच्या भीतीनं मामा सात रविवार तुमच्या झाडाखाली बसले.

तुम्ही आणखी एक उदाहरण द्यायचात. "गोव्याचा मुख्यमंत्री अमेरिकेला गेला, वाचला का?" मनोहर पर्रीकरांचं नाव तुमच्या तोंडून ऐकून मामांची मान डोलली होती. त्याचंही उत्तर देतो. पर्रीकर वाचले नाहीत हे खरं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मुंबईच्या लीलावतीत दाखल झाले, मग अमेरिका, मग दिल्लीचं एम्स, आणि १७ मार्च २०१९ ला गेले. वय ६३. हा रोग इतका वाईट आहे की अमेरिकेतसुद्धा निदानानंतर पाच वर्षं जगणारे शंभरात तेराच्या आसपास. पण त्या तेरा महिन्यांत पर्रीकरांना आपल्याला काय झालं आहे हे ठाऊक होतं. मृत्यूच्या दीड महिना आधी, जानेवारी २०१९ च्या शेवटी, नाकात नळी असताना ते विधानसभेत गेले आणि राज्याचा अर्थसंकल्प मांडून आले. जेवढे दिवस होते तेवढे त्यांनी आपल्या मर्जीनं खर्च केले. मामांच्या वाट्याला आलेल्या दिवसांतले सात आठवडे तुमच्या मर्जीनं खर्च झाले.

ज्याच्याकडं पैशांची ददात नव्हती, त्या ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनीही आहार आणि पर्यायी उपायांपायी नऊ महिने ऑपरेशन लांबवलं होतं. त्यांची गाठ वेगळ्या, सावकाश वाढणाऱ्या जातीची होती, तरी पुढं त्यांना त्या उशिराचा पश्चात्ताप झाला असं त्यांच्या चरित्रकारानं सांगितलं आहे. म्हणजे हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. आयुर्वेदाच्या आड लपायलाही तुम्हाला जागा नाही. नांदेडला सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथून शिकून निघालेल्या वैद्यानं मामांचे डोळे बघून आणि संडासाचा रंग विचारून त्याच दिवशी सोनोग्राफीला पाठवलं असतं. तुम्ही वैद्यही नाही.

कायद्याचं म्हणाल, तर १९५४ च्या चमत्कारिक उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात कॅन्सर बरा करण्याची जाहिरात हा गुन्हा आहे. पण तुम्ही कॅन्सर हा शब्द कधी उच्चारतच नाही, तुम्ही कावीळ म्हणता. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्यानंतर आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलं आहे. त्या ओळीत कावीळ हा शब्द नाही. तो तिथं यावा म्हणून मी आमच्या आमदारांना पत्र दिलं आहे.

निदानानंतर मामा साडेपाच महिने जगले. केमोची आखणी टाटातून झाली आणि ती घ्यायची लातुरात, त्यामुळं मुंबईच्या खेपा वाचल्या. गाठ काही काळ थांबली. येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, त्यांनी शेतात जायचा हट्ट धरला. कडब्याची कोप केली होती. मामीनं भज्जी आणि आंबील केली होती. मामांनी आधी ती पाचकरसाची कॅप्सूल घेतली, मग ज्वारीच्या उंड्याबरोबर दोन घास भज्जी खाल्ली, आणि वर तेल मागितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तेल मागितलं. मामी वाटी पुढं करताना रडायला लागली. "काय झालं गं?" मामा म्हणाले. तिला सांगता आलं नाही.

शेवटी पाठीत दुखणं बसलं. त्यावर मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. एक गोळी अवघ्या काही रुपयांची, पण ती देणारी जागा शोधायला मला दोन दिवस फिरावं लागलं. ती सुरू झाल्यावर मामा रात्री झोपायला लागले. चैत्रात, पहाटे, घरीच गेले. डोळे स्वच्छ पांढरे होते.

परवाच्या रविवारी मी तुमच्या गावावरून आलो. झाडाखाली माणसं होती. मोटारसायकल थांबवून मी रांगेतल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, आजोबा, दुखतंय का कुठं? "नाही बाबा," ते म्हणाले. "खाज सुटली निस्ती." त्यांना आणि त्यांच्या लेकाला मी सोनोग्राफी सेंटरचा पत्ता लिहून दिला आणि आरोग्यमित्र म्हणजे काय ते सांगितलं. लेक म्हणाला, महाराज काय म्हणतात बघू आणि मग जाऊ. ते गेले का, मला माहीत नाही. त्यांना तुम्हीच पाठवा, महाराज. तुमचं ते ऐकतील, माझं ऐकलं नाही.

अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार दिली आहे. सोबत तीन गोष्टी जोडल्या आहेत: मामांच्या उशाखाली उरलेल्या तुमच्या अकरा पुड्या, बेंबीपर्यंत लांबलेली ती माळ, आणि सोनोग्राफीचं बाराशे रुपयांचं बिल.

अहमदपूरच्या एका शेतकऱ्याचा भाचा,
नांदेड